तीनाचे पाच नोड करताना घेतलेलं प्रायव्हेट नेटवर्क: वापरून पाहिल्यावर

आधी बिलाचं सांगतो, कारण सुरुवात तिथूनच झाली. नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या अडत्यांसाठी आम्ही एक छोटं सॉफ्टवेअर चालवतो. गाडी आली की नोंद, मग लिलाव, तोलाई, हमाली, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी. ऑफिस खामल्यात, माणसं अडीच. अर्धा मी, कारण माझा निम्मा वेळ वसुलीत जातो. डेटाबेस मारियाडीबी, त्यावर तीन नोडचा गॅलेरा क्लस्टर, म्हणजे तीन सर्व्हरांवर तोच डेटा एकसारखा ठेवणारी जोडणी; त्यातला एकेक सर्व्हर म्हणजे नोड. सर्व्हर मुंबईच्या डेटासेंटरमध्ये भाड्यानं, २०२१ मध्ये घेतलेले. त्या वेळी ‘प्रायव्हेट नेटवर्क’ (आपल्याच सर्व्हरांनी आपसात बोलायची आतली वाट) नावाचा एक चौकोन होता, त्यावर मी टिक केली नाही. तीन सर्व्हर एकमेकांशी पब्लिक आयपीवरून बोलतात, फायरवॉलमध्ये एकमेकांचे पत्ते टाकले आहेत, चालून राहिलं ना, मग कशाला हात लावा?

चार वर्षं चाललंही. पण दर महिन्याच्या बिलात ‘कोट्यावरचं ट्रान्सफर’ म्हणून, म्हणजे ठरलेल्या कोट्यापलीकडे गेलेल्या डेटाचे पैसे, अशी एक ओळ यायची आणि ती वाढत गेली. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून यायला लागतात, तेव्हा ती ओळ फुगते. यंदा सप्टेंबरातच ती २,९०० रुपयांवर गेली. आम्हाला तर अजून दोन नोड वाढवायचे होते.

इथं थोडं गणित. गॅलेरात एका नोडवर झालेला बदल बाकीच्या प्रत्येक नोडला जातो. तीन नोड असले तर दोन प्रती, पाच असले तर चार. म्हणजे लिखाण तेवढंच राहिलं तरी सर्व्हरांमधली वाहतूक दुप्पट. चारच नोड का नाही घेतले, असं पार्टनरनं विचारलं होतं. चार घेतले आणि मधली तार तुटली तर दोन-दोन असे गट पडतात, बहुमत कुणाकडेच नाही, आणि दोन्हीकडचे काम थांबवून बसतात. तीन असले तर एक पडलेला चालतो, पाच असले तर दोन. म्हणून पाच. यानं लिहिण्याचा वेग वाढत नाही हेही सांगून ठेवतो, कारण विकणारे ते सांगत नाहीत. आम्हाला वाचणाऱ्यांची गर्दी वाटायची होती. अडत्याचा मुलगा, मुनीम, हिशेब तपासणारा, सगळे एकाच वेळी रिपोर्ट उघडून बसतात.

सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही. माझं तक्रारीचं तिकीट अजून उघडं आहे आणि नाव घेऊन बोंब मारायची वेळ आली असं मला वाटत नाही. पाचपैकी साडेतीन तारे देतो. साडेतीन कसे आले ते खाली.

नेटवर्क तयार करणं खरंच सोपं आहे. कंपनीच्या पॅनेलमध्ये (वेबवरच्या कंट्रोलच्या पानावर) नाव द्यायचं, पत्त्यांचा पट्टा द्यायचा, मिनिटभरात तयार. वेगळे पैसे नाहीत, आणि या नेटवर्कवरून जाणारी वाहतूक कोट्यात मोजत नाहीत. पट्टा मात्र दोन मिनिटं थांबून निवडा. खासगी वापरासाठी १९९६ पासून तीनच मोठे पट्टे राखून ठेवलेले आहेत: १० नं सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. यातला शेवटचा आपल्या घराघरातल्या राउटरनं खाल्लेला आहे. आमच्या ऑफिसात १९२.१६८.१ आहे, तोच तिकडे दिला असता तर व्हीपीएन (दुरून त्या नेटवर्कात शिरायची वाट) लावल्यावर माझा लॅपटॉप डेटाबेस शोधायला ऑफिसच्या प्रिंटरकडे गेला असता. १७२.१७ वर डॉकर (सर्व्हरवर सॉफ्टवेअर वेगवेगळ्या डब्यांत चालवणारा प्रोग्रॅम) आधीच ठाण मांडून असतो. मी १०.४७.०.०/२४ घेतला. २५६ पत्ते आमच्या सात जन्मांना पुरतील. आणि ४७ कशावरून, ते नागपूरचा मे महिना काढलेल्याला सांगावं लागत नाही.

कुरबूर सुरू होते ती जुन्या सर्व्हरपाशी. पॅनेलमध्ये जुना सर्व्हर निवडला, ‘जोडा’ दाबलं, हिरवी टिक आली, समोर पत्ताही दिसला: १०.४७.०.११. मी म्हटलं, झालं बावा. सर्व्हरवर जाऊन पाहतो तर दुसरं नेटवर्क कार्ड आलेलं, पण बंद, आणि त्यावर पत्ता नाही. सर्व्हर बंद करून परत चालू केला, तरी तेच. नवा सर्व्हर घेतानाच टिक केली असेल तर पहिल्या बूटला पत्ता आपोआप बसतो. जुन्यासाठी मात्र नेटप्लॅनची, म्हणजे नेटवर्कच्या सेटिंगची, फाइल आपल्या हातानं लिहावी लागते. हे त्यांच्या मदतीच्या पानावर कुठं आहे? सगळ्यात खाली, एका ओळीत, ‘आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमनुसार इंटरफेस कॉन्फिगर करा.’ बस. चॅटवर विचारलं तर उत्तर आलं की सर्व्हर नव्यानं बनवणं उत्तम. चालत्या हंगामात डेटाबेसचा सर्व्हर नव्यानं बनवा म्हणणाऱ्याला एकदा कळमन्यात पहाटे उभं करायला पाहिजे.

असो. शुक्रवारी रात्री तीन डेटाबेस आणि एक बॅकअपचा, अशा चार जुन्या सर्व्हरांना मी हातानं पत्ते दिले. फाइलमध्ये पत्ता लिहिला आणि तेवढंच लिहिलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं कामी येईल.

शनिवारी दोन नवे सर्व्हर घेतले, टिक करून. पत्ते आपोआप आले. पहिला नवा नोड क्लस्टरमध्ये सोडला आणि इथली चूक शंभर टक्के माझी. गॅलेराला नोडचा पत्ता स्पष्ट सांगितला नाही तर तो सर्व्हरचं पहिलं नेटवर्क कार्ड पकडतो. पहिलं कार्ड म्हणजे पब्लिक. सामील होण्यासाठी मी बाकीच्यांचे प्रायव्हेट पत्ते दिले होते, पण स्वतःच्या पत्त्याची ओळ राहिली. त्यामुळे नोडनं बाकीच्यांना निरोप पाठवला की माझी पूर्ण प्रत या पब्लिक पत्त्यावर पाठवा. फायरवॉलनं हे अडवायला हवं होतं. पण हाताच्या सवयीनं नव्या सर्व्हरचा पब्लिक पत्ता मी आधीच यादीत घालून ठेवला होता. म्हणून सगळं सुरळीत चाललं, ३८ जीबी, पाऊण तास, आणि मी चहा घेत बसलो. प्रत पोचल्यावर सहज कार्डाचे आकडे पाहिले तर प्रायव्हेट कार्डावर चार-दोन एमबी आणि पब्लिकवर पूर्ण ३८ जीबी. ज्या वाहतुकीचे पैसे वाचवायला हा घाट घातला, तीच वाहतूक मी पैसे देऊन करवली.

दुसऱ्या नव्या नोडला पत्त्याची ओळ आधी लिहिली. तीच प्रत प्रायव्हेट नेटवर्कवरून बारा मिनिटांत आली. अर्धा तारा इथंच वाढला. वेग खरोखर चांगला आहे, आणि दिवसा-रात्री सारखाच मिळतो. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पिंग (निरोप जाऊन यायचा वेळ) अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत. गॅलेरासाठी हे फार महत्त्वाचं, कारण प्रत्येक कमिटला (नोंद पक्की करताना) सगळ्यांकडे जाऊन यावं लागतं आणि सगळ्यात लांबचा जितका लांब तितका सगळ्यांनाच उशीर. माझ्या डोक्यात एक नोड दुसऱ्या शहरात ठेवायचा होता, पण यांचं प्रायव्हेट नेटवर्क एका शहराबाहेर जात नाही. आता वाटतं, बरंच झालं.

शनिवारी रात्रीच जुने तीन नोड एकेक करून नव्या पत्त्यांवर हलवले. एक बंद, दोन ओळी बदल, चालू, ‘सिंक्ड’ दिसेपर्यंत थांब, मग पुढचा. बंद असतानाच्या नोंदी शेजाऱ्याच्या कॅशमध्ये सापडल्या तर तेवढ्याच येतात, नाहीतर पुन्हा पूर्ण प्रत. तो कॅश मुळात १२८ एमबीचा असतो, मी दोन दिवस आधी २ जीबी करून ठेवला होता. तसंही रात्री बाजार बंद, हुकलेल्या नोंदी चिमूटभर. साडेबाराला क्लस्टरचा आकार ५ दिसला, पाचही सिंक्ड. मी लॅपटॉप मिटला. रविवारी सकाळी कस्तुरचंद पार्कावर जाऊन तर्री पोहे खाल्ले, दोन प्लेट, वर तर्री मागून.

सोमवारी आमच्याकडं नवीन लागलेली मुलगी, हिंगण्याहून येते, पहिलंच वाक्य बोलली, “सर, रात्रीचा बॅकअप नाही झाला. फाइल काही केबीचीच आहे, आणि प्रोसेस अजून लटकून आहे.” मी म्हटलं लॉक असेल, मारून परत लाव. दिवस ठीक गेला. गाड्यांच्या नोंदी, लिलावाचे भाव, सगळं जात होतं. दुपारी पट्ट्या काढायची वेळ आली आणि फोन सुरू झाले.

“भाऊ, पट्टी निघूनच नाही राहिली. शेतकरी उभे आहेत इथं.”

पट्टी काढताना आमचं सॉफ्टवेअर दिवसभराच्या नोंदी एका दमात बंद करतं, म्हणजे एक मोठा व्यवहार. लहान नोंदी जात होत्या, मोठा व्यवहार अडकत होता. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हापुन्हा: ‘टर्निंग मेसेज रिले रिक्वेस्टिंग ऑन’. म्हणजे एका नोडला दुसरा थेट सापडेनासा झाला, म्हणून तो तिसऱ्यामार्फत निरोप धाडतो आहे. पाच सेकंद कुणाचा आवाज आला नाही की गॅलेरा त्याच्यावर संशय घ्यायला लागतो. कधी दुसरा नोड गायब, कधी तिसरा, मग परत हजर. पिंग चालू. मारियाडीबीत लॉगिन होतं. ४५६७ पोर्टवर जोडणी होते. फायरवॉल मी तीनदा वाचली: ३३०६ आमच्या सॉफ्टवेअरच्या जोडणीला, ४५६७ नोडांच्या आपसातल्या बोलण्याला, ४५६८ हुकलेल्या नोंदींना, ४४४४ पूर्ण प्रतीला. चारही उघडे.

मी सपोर्टला तिकीट टाकलं. पहिलं उत्तर सतरा मिनिटांत आलं, पण ते रोबोटनं लिहिल्यासारखं: सर्व्हर रीस्टार्ट करून पाहिला का, फायरवॉल तपासली का. दुसऱ्या उत्तरातही तेच, फक्त नमस्कार वेगळा.

तेवढ्यात ही पोर एका कागदावर पाच गोल काढून बसली होती. प्रत्येक जोडीमधून एक मोठी फाइल पाठवून पाहिली आणि रेघ मारली. मग म्हणाली, “सर, नवं-नवं चालू आहे. जुनं-नवं पण चालू आहे. जुन्या-जुन्यांचंच अडून राहिलं.”

खरं सांगतो, मला दोन मिनिटं काही सुचलं नाही. जुन्याला जुना नको, पण नवा चालतो, हे कोणतं भांडण? मग तिनंच नव्या आणि जुन्या सर्व्हरवरची कार्डाची माहिती शेजारीशेजारी लावली. नव्यावर एमटीयू, म्हणजे डेटाचं एक पाकीट (पॅकेट) जास्तीत जास्त किती बाइटचं, १४५०. जुन्यावर १५००.

यांचं प्रायव्हेट नेटवर्क म्हणजे खरी वेगळी तार नाही. सगळ्या ग्राहकांची पाकिटं एकाच जाळ्यातून जातात, फक्त प्रत्येकाच्या पाकिटाला वरून आणखी एक वेष्टन चढवतात, म्हणजे माझं तुझ्यात मिसळत नाही. ते वेष्टन ५० बाइटचं: आतला इथरनेट १४, आयपी २०, यूडीपी ८, व्हीएक्सलॅन (म्हणजे हीच वेष्टनाची पद्धत) ८. मूळ तारेत १५०० मावत असेल तर आपल्या वाट्याला १४५० उरतात. नव्या सर्व्हरांना हे आपोआप कळवलं गेलं होतं. जुन्यांवर मी नेटप्लॅन हातानं लिहिलं, त्यात फक्त पत्ता, त्यामुळे ते आपले १५०० चं पाकीट भरून पाठवत होते आणि ते मधेच टाकून दिलं जात होतं. परत निरोपही नाही की मोठं झालं, लहान कर. लहान पाकिटं जातात म्हणून पिंग, लॉगिन, गाडीची नोंद सगळं नीट.

आणि जुनं-नवं का चाललं? कारण टीसीपीची जोडणी होतानाच दोघं एकमेकांना सांगतात की मला केवढा तुकडा चालेल. नवा सांगतो १४१० (१४५० मधून मथळ्याचे ४० बाइट वजा), जुना ते ऐकतो. दोन्ही जुने असले की दोघंही १४६० म्हणतात आणि दोघंही चुकतात. शनिवारी प्रायव्हेटवरून गेलेली ती दुसरी प्रत नव्याकडे जात होती म्हणून सुखरूप गेली. बॅकअप जुन्याकडून जुन्याकडे, म्हणून रविवारी रात्रीच मेला. सोमवारी सकाळी ती फाइल मी नीट पाहिली असती तर पट्ट्या अडल्याच नसत्या.

तपासायची रीत एकच ओळीची आहे. तुकडे न करण्याचा हुकूम देऊन पिंग पाठवा, आत १४७२ भरा. २८ बाइट मथळ्याचे, मिळून १५००. तो गेला नाही आणि १४२२ चा गेला, की समजायचं. आम्ही चारही जुन्या सर्व्हरांवर चालत्या चालत्या १४५० लावला, काही रीस्टार्ट नाही. लॉगमध्ये रिलेची ओळ ‘ऑफ’ झाली आणि अडकलेल्या पट्ट्या निघाल्या. पावणेपाच वाजले होते. एका शेठनं फोन करून विचारलं, “काय झालं होतं?” मी म्हटलं, पाकीट मोठं झालं होतं. ते म्हणाले, आमच्याकडं तर कधी होत नाही.

रात्री अकरा-चाळीसला सपोर्टच्या वरच्या इंजिनिअरचा फोन आला, न मागता. त्याला मी एवढ्यासाठी मानतो की त्यानं उगाच लपवलं नाही. म्हणाला, हो, १४५०च आहे, आणि हो, पानावर लिहिलेलं नाही, मी कळवतो. त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला विचारायचं सुचलंच नव्हतं: पॅनेलमधली त्यांची फायरवॉल फक्त पब्लिक कार्डाला लागू आहे. प्रायव्हेट नेटवर्कवर काहीच अडवत नाही. तिथं आपल्याच सर्व्हरची यूएफडब्ल्यू (सर्व्हरमधलीच फायरवॉल) लावावी लागते. आम्ही ती लावलेली होती म्हणून निभावलं, पण पॅनेलवरची हिरवी ढाल पाहून कितीजण निवांत झोपत असतील. शिवाय प्रायव्हेट म्हणजे कुलूपबंद नव्हे. आतली वाहतूक उघडीच असते, एन्क्रिप्शन पाहिजे तर मारियाडीबीत आणि गॅलेरात स्वतः टीएलएस चालू करायचं. ते आमचं अजून व्हायचं आहे.

पैशाचा हिशेब देतो, कारण त्याचसाठी मी आलो होतो. नोव्हेंबरच्या बिलात कोट्यावरच्या ट्रान्सफरची ओळ आलीच नाही. माझ्या ३८ जीबीच्या पराक्रमानंतरही नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर एवढी वर्षं खरा खादाड क्लस्टर नव्हताच, रोजचा बॅकअप होता. ३८ जीबी रोज म्हणजे महिन्याला एक टीबीच्या वर. तेवढा एक प्रायव्हेटवर नेला असता तरी निम्म्याहून जास्त बिल २०२१ मध्येच वाचलं असतं. पार्टनरला हे अजून सांगितलेलं नाही.

नवे सर्व्हर घेणाऱ्यांनी डोळे मिटून ही सेवा घ्यावी, पहिला सर्व्हर बनवतानाच, लागो न लागो. फुकट आहे आणि नंतर जोडण्याचा ताप वाचतो. आमच्यासारखे ज्यांचे सर्व्हर जुने आहेत त्यांनीही घ्यावी, पण बाजार बंद असताना, आणि आधी जुने नोड नव्या नेटवर्कवर हलवून, दोन दिवस मोठं काम चालवून, मगच नवे जोडावेत. मी उलटं केलं. दीड तारा कापला त्यातला एक मदतीच्या पानासाठी आणि अर्धा त्या पहिल्या दोन उत्तरांसाठी. वेगाबद्दल, स्थिरपणाबद्दल एक शब्द वाईट नाही. सहा आठवडे झाले, रिलेची ओळ पुन्हा दिसलेली नाही.

नेटप्लॅनच्या चारही फाइलींत एमटीयूच्या वर त्या मुलीनं मराठीत शेरा लिहून ठेवला आहे: ‘१४५०च. सरांनी पण हात लावू नये.’ मदतीचं पान काल पुन्हा पाहिलं. सगळ्यात खालची ओळ जशीच्या तशी आहे. तिकिटाखाली मी परत एकदा लिहिलं आहे.